टिपमानचा रॅम्प

आमच्या गावातली शेवटची चांदीची खाण बंद झाली तेव्हा मी शाळेत होतो. आता गावात खाणकामगार औषधालाही सापडत नाही, पण खाणकामगाराचा गणवेश मात्र घरोघरी आहे. डिसेंबरात तो चढवून आम्ही मिरवणूक काढतो. मी दातांचा डॉक्टर, मिरवणुकीत ट्यूबा वाजवतो. सगळ्यांत पुढे झेंडा घेऊन एकार्ट टिपमान. तो गालिचे विकतो.

या टिपमानने चौकाजवळचं एक जुनं घर घेऊन तळमजल्यावर पाहुण्यांची सोय केली. आपलं आपण रांधायचं, आरामात राहायचं. व्हीलचेअरवरच्या माणसाला काही अडचण पडू नये म्हणून ओटा खाली घेतला, न्हाणीघरात धरायला दांडे बसवले. राहिल्या फक्त दाराशी दोन दगडी पायऱ्या. त्या पुरातन, त्यांना हात लावायचा नाही असं वारसा खात्याने बजावलं होतं. काढता-घालता येणारा रॅम्प चालेल म्हणाले. टिपमानने तो आणला आणि तळघरात कुलूप लावून ठेवला. पाहुण्याने फोन केला की हा येऊन लावणार.

"आणि तू दुकानात असलास तर?" मी विचारलं.

"अरे, लोक इथे आरामाला येतात. सारखं बाहेर कशाला पडतील?"

पहिल्या पाहुण्या आल्या त्स्विकाऊ शहरातल्या नेस्लरबाई. पाय आजारपणात गेलेले, पण उभी हयात गाडी शिकवण्यात गेल्यामुळे आवाज खणखणीत. मिरवणूक बघायलाच आल्या होत्या. त्याच दुपारी गावाच्या कॅलेंडरसाठी एकजण घराचा फोटो काढायला आला, तर टिपमानने रॅम्प उचलून तळघरात टाकला. "पुढून घर कसं जुनं दिसायला हवं! फोटो झाला की लावतो हं, बाई." मग गणवेश चढवला, टोपीत तुरा खोचला आणि विसरला. फोनही घरीच राहिला.

आम्ही वाजवत त्या घरापाशी पोचलो, तोच खिडकी उघडली.

"टिपमान! थांबा! ब्रेक!"

टिपमान जागच्या जागी थांबला. मागची अख्खी मिरवणूक एकमेकांवर आदळली.

"मी दुपारपासून कोंडून पडलेय. रॅम्प कुठाय?"

"बाई, आम्ही उचलून आणतो तुम्हाला," चौघे गणवेशवाले सरसावले.

"मी काय खनिजाचं पोतं आहे? रॅम्प आणा!"

किल्ली टिपमानच्या पट्ट्याला होती, पण हातात झेंडा. तो जमिनीला टेकवायचा नाही, आणि दुसऱ्याच्या हाती द्यायला त्याचा जीव होईना.

"द्या इकडे," बाईंनी खिडकीतून हात काढला. "आणि पळा!"

तो पळाला. आम्ही तीच धून पुन्हा पुन्हा वाजवत राहिलो. माझा श्वास संपत आला. टिपमान वर आला तेव्हा पांढरी विजार काळीकुट्ट झाली होती आणि तुऱ्याला कोळ्याची जाळी लागली होती.

"डावीकडे घ्या. अजून. बास!" बाई सांगत होत्या, गर्दी हसत होती. अखेर त्या झेंडा घेऊनच खाली उतरल्या. टिपमानने झेंड्यासाठी हात पुढे केला.

"या हातांनी? आधी धुऊन या."

बँडमास्तर कंटाळला होता. त्याने काठी वर केली आणि मिरवणूक नेस्लरबाईंच्या मागे निघाली.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात झेंडा घेतलेल्या बाईंचा फोटो आला, रॅम्पसकट. टिपमानकडे वर्षभराचं बुकिंग झालं. मग रॅम्प तळघरात ठेवायला त्याला सवड कुठली! वारसा खात्याने तो "तात्पुरता" ठरवला. आज सहा वर्षं तो तात्पुरताच आहे.

मिरवणूक संपल्यावर त्या संध्याकाळी बाईंनी बँडवाल्यांना उकडलेले बटाटे, दही-चक्का आणि जवसाचं तेल असं जेवायला घातलं. टिपमान सगळ्यांकडे पाठ करून कोपऱ्यात तुऱ्याची जाळी काढत बसला होता.

"रागावलात?" बाईंनी विचारलं.

"वीस वर्षं झेंडा धरतोय मी. पण टाळ्या आजच पडल्या, आणि त्याही तुम्हाला."

"मग पुढच्या वर्षी माझ्या शेजारून चाला," त्या म्हणाल्या आणि त्याच्या ताटात आणखी एक बटाटा वाढला.