भोकरदनला भिजून आलेले एक्स-रे यंत्र

मित्रांनो, भोकरदनच्या एका दवाखान्यात मागच्या खोलीत, चादरीखाली झाकून ठेवलेले मी एक जुने एक्स-रे यंत्र आहे. जुने म्हणायचे ते वयाने. कामाने मी अजून कोरेच आहे.

माझा जन्म परदेशातल्या कारखान्यात झाला. तिथे मला तपासून, पुसून भक्कम लाकडी पेटीत बंद केले. पेटीवर नाव घातले याच दवाखान्याच्या डॉक्टर अरुंधतीबाईंचे. हाड मोडलेल्या माणसाला जालन्यापर्यंत धक्के खात जावे लागू नये, म्हणून त्यांनी मला मागवले होते.

जहाजात आमच्या पेट्यांवरची ताडपत्री निघण्याआधीच फाटलेली होती. खलाशांनी ते वरिष्ठांना सांगितलेही. "मुंबई आल्यावर शिवू," असे उत्तर मिळाले. वाटेत समुद्र खवळला आणि फाटक्या ताडपत्रीतून आत आलेल्या खाऱ्या पाण्याने मी चिंब भिजले.

भोकरदनला पेटी उघडली, तेव्हा माझ्या तारांवर मीठ साचले होते. आतली काचेची नळी तडकली होती. कंपाउंडर संपत म्हणाला, "बाई, हे तं पार सडून गेलं."

अरुंधतीबाई भरपाई मागायला मुंबईला गेल्या. जहाज कंपनीचा माणूस गोड बोलला, "वादळापुढं कुणाचं चालतं? तरी वर कळवतो. कोर्टकचेरी कशाला?" बाईंनी विश्वास ठेवला. पुन्हा गेल्या, पुन्हा तेच. शेवटच्या खेपेहून आल्या आणि त्यांनी मला चादरीखाली झाकले.

"संपत, माल उतरल्यापासून वर्षाच्या आत दावा लावायचा असतो म्हणे. आता मुदत गेली."

"पण थांबा तं तेच म्हणल्ते ना?"

"हो. आता विचारतात, थांबा असं आम्ही लिहून दिलं होतं का?"

त्याच हिवाळ्यात केशरबाई आपल्या नवऱ्याला, भिवाला, बैलगाडीत घालून घेऊन आली. चिंचेच्या झाडावरून पडून त्याचा पाय मोडला होता. बाईंनी त्याला जालन्याला न्यायला सांगितले. चादर सरकून माझा लोखंडी पाय दिसला, तशी ती म्हणाली, "बाई, मशीन हाये की! मंग जालन्याला कामून धाडता? लई कण्हून राह्यले हे."

बाईंनी चादर वर करून माझी तडकलेली नळी तिला दाखवली. भिवाला बसमध्ये आडवे केले. रस्त्याच्या धक्क्यांनी मोडलेले हाड आणखी सरकले. त्याचा पाय वाकडा जुळला, तो कायमचाच.

मित्रांनो, उद्या तुम्ही जहाजावर, गोदामात, ट्रकवर कामाला लागाल. दुसऱ्याची वस्तू हाती आली, तर ती स्वतःची समजून सांभाळा. आणि ती तुमच्या हातून खराब झालीच, तर निदान गोड बोलून कोणाला थांबवून ठेवू नका.