चालत्या जहाजाचं बूच

कवळ्या बनवणाऱ्याच्या बायकोचीच दाढ दुखते, म्हणजे दिव्याखाली अंधार, असं म्हणून गल्लीने पोटभर हसून घेतलं होतं. तिला त्याचं काही नव्हतं. दाढेखाली लवंग धरायची आणि कामाला लागायचं. जगाचे दात बसवणाऱ्या नवऱ्यापुढे आपण तोंड उघडून बसायचं नाही, हा तिचा जुना हट्ट होता.

कवळ्यांचं काम आटोपलं की नवरा त्याच हत्यारांनी बाटलीत जहाजं बांधायचा. उभे भाग आडवे निजवून जहाज बाटलीच्या गळ्यातून आत सरकवायचं, तळाच्या निळ्या मेणात बसवायचं आणि बाहेर ठेवलेले दोरे हळूच ओढून सगळं उभं करायचं. या वेळी त्याने लेकाचं जहाज केलं होतं, मालवाहू, दोन क्रेन आणि एक धुराडं. लेक त्या जहाजाच्या इंजिनावर काम करायचा आणि महिनाअखेरीस घरी येणार होता.

जहाज उभं राहिलं, दोरे कापून झाले, तरी नवऱ्याने बाटलीला बूच लावलं नाही.

"चालत्या जहाजाची बाटली बंद करत नाहीत," तो म्हणाला. "ज्यांनी मला शिकवलं, त्यांनी पहिल्या दिवशी एवढंच बजावलं होतं. जहाज भंगारात गेलं की मग बूच."

"आणि तोवर आतली धूळ कोणी पुसायची? मी?"

"अगं, तू हात लावू नकोस म्हणजे झालं."

हात लावू नकोस म्हटलं की तिचे हात शिवशिवायचे. लेक येणार म्हणून तिने घर धुवायला काढलं, तर बाटलीत एक मुंगी डेकवरून ऐटीत फिरत होती. झालं! ओल्या दोऱ्याने मुंगी बाहेर काढली, बूच बसवलं, लाटण्याने ठोकून घट्ट केलं आणि वरून नवऱ्याचंच कवळ्यांसाठीचं गुलाबी मेण वितळवून ओतलं. आता कशी शोभेची वस्तू दिसते, असं वाटून ती स्वतःवरच खूश झाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी नवरा तयार कवळ्या पोचवायला गेला होता, तेव्हा लेकाचा फोन आला. रिकाम्या माठात तोंड घालून बोलावं तसा त्याचा आवाज येत होता.

"आई, कालपासून अडकलोय. इंजिन चालू आहे, पण जहाज जागचं हलत नाही."

"बिघाड असेल रे काहीतरी."

"इंजिन माझ्या हाताखाली आहे, आई. बिघाड नाहीये. वारा पडलाय. लाट उठलीय ती तशीच उभी आहे, खालीच येत नाही. भोंगा दिला की चहूकडून आवाज परत येतो. इथे किनारा नाही, काही नाही, मग तो आपटतो कशावर?"

तिची नजर कामाच्या खोलीच्या दाराकडे गेली.

"आणि हसू नकोस हं, इथे बाबांच्या खोलीसारखा वास येतोय. त्या गुलाबी मेणाचा. सगळ्यांना श्वास जड जातोय. एक पोरगा मघाशी चक्कर येऊन पडला."

फोन कानाशी धरून ती कामाच्या खोलीत धावली आणि बाटली उचलली.

"आई! जहाज कलंडतंय!"

तिने बाटली जपून टेबलावर ठेवली. फोन शेजारी मोठ्या आवाजावर ठेवला आणि चाकूने मेण खरवडलं. बूच हलेना. तिने ते कोरायला घेतलं.

"वरून काहीतरी पडतंय," फोनमधून लेक ओरडला. "तपकिरी ढेकळं! कप्तान सगळ्यांना आत बोलावतोय." मग नुसती धाप ऐकू आली. "आई, आहेस ना तिथे?"

"आहे रे राजा, इथेच आहे."

तिला रडू फुटलं होतं. पण रडत बसायला वेळ कुठे होता? ती गुडघ्यांवर बसली, दोन्ही हातांनी बाटली टेबलाशी गच्च दाबून धरली आणि बुचाचं उरलेलं टोक दाढांत पकडून सगळ्या ताकदीनिशी ओढलं. कडकन आवाज झाला. बूच निघालं, आणि त्याच्याबरोबर ती दुखरी दाढही आली.

रक्त पुसायलाही ती थांबली नाही. बाटलीच्या तोंडाला तोंड लावून तिने हळूच फुंकर घातली.

"वारा," लेक म्हणाला. "वारा आला गं! गरम आहे. लाट खाली आली. आई, समुद्रात लवंगेचा वास कसा काय?"

आणि फोन तुटला.

लेक महिनाअखेरीस आला. वाळला होता. आल्या आल्या त्याने घरातल्या सगळ्या खिडक्या उघडल्या आणि निजतानाही लावू दिल्या नाहीत. नवऱ्याने कोरलेलं बूच पाहिलं, तिच्या गालावरची सूज पाहिली आणि तिला खोटी दाढ करून दिली.

"पोरगा घरी आला," एके दिवशी ती भीत भीत म्हणाली. "आता लावायचं का बूच?"

लेक बाटलीकडे पाहत होता. "माझ्या जागी एक नवीन पोरगा चढलाय, आई. पहिलीच फेरी आहे त्याची."

तिने ते बूच उचललं आणि चुलीत टाकलं.

आता तिची दाढ दुखत नाही, तरी रोज सकाळी झाडलोट झाली की ती तोंडात लवंग टाकते, बाटलीशी वाकते आणि फुंकर घालते. जोरात नाही. डेकवर कोणीतरी उभं असेल, एवढं तिला कळतं.