शंभरात पंधरा

"तुझा हात मळका व्हायला लागलाय, न्युक-यिन," कथील विकत घेणारा दुकानदार, याप तौके म्हणाला आणि चिमटीतली वाळू त्याने तिच्या पिशवीत परत टाकली. "पंधरा."

शंभरात पंधरा. म्हणजे तिने आणलेल्या शंभर भाग कथलात पंधरा भाग अमांग, कथलाबरोबर येणारी ती काळी, जड, कुणाच्या उपयोगाची नसलेली वाळू. तेवढे वजन कापून बाकीचे पैसे. दुकानाच्या उंबऱ्यावर रांगेत बसलेल्या सात-आठ बायकांनी ते ऐकले. कुणी वर पाहिले नाही, म्हणजे सगळ्यांनी नीट ऐकले होते.

"गेल्या वर्षीपर्यंत पाच कापायचात," न्युक-यिन म्हणाली.

"गेल्या वर्षी तुला दिसत होतं."

लियू-सो, जिची पाळी पुढची होती, फिसकन हसली. "चष्मा घे गं. कंपारच्या बाजारात चार डॉलरला मिळतो. एका डोळ्याचा दोनला देतील."

तौकेही हसला. मग आवाज उतरवून, घरातला माणूस सल्ला देतो तसा म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नको. चोपन्न वर्षांची झालीस. जानेवारीत चिठ्ठी तुझ्या सुनेच्या नावाने देतो. तिचे डोळे तरुण आहेत. परवाना घरातच राहील."

न्युक-यिनने पैसे न मोजता कमरेच्या पिशवीत टाकले आणि सायकल काढली.

मलायातल्या त्या नदीतले कथील धुवायला सरकारी परवाना लागे. तो दर जानेवारीत नवा करावा लागे, आणि अर्जाला वर्षभर माल घेणाऱ्या दुकानाची चिठ्ठी जोडावी लागे. त्यांच्या चिनी वस्तीत माल घेणारे दुकान एकच होते. हे सगळे तिला ठाऊक होते आणि त्याचे तिला फारसे काही वाटत नव्हते. तिला लागले होते ते दुसरेच. तीस वर्षे ती कंबरभर पाण्यात उभी राहून दुलांग फिरवत होती. दुलांग म्हणजे हातभर रुंद, उथळ लाकडी परात. गाळ घ्यायचा, गोल झोका द्यायचा, हलकी वाळू काठावरून जाऊ द्यायची. शेवटी तळाशी दोनच गोष्टी उरतात, अमांग आणि कथील, आणि त्यांच्या वजनात फरक इतका थोडा की झोका एक देऊन थांबायचे की दोन, हे मनगटालाच कळले पाहिजे. ज्या बाईला ते कळते तिचा हात स्वच्छ. त्या वस्तीत मुलगी दाखवताना रंगरूपाच्या आधी आईचा हात कसा आहे ते सांगत. न्युक-यिनचे लग्न त्यावरच जमले होते.

त्या दिवसापासून ती नदीवरून घरी आली की मागच्या अंगणात पाण्याचे टिपाड घेऊन बसू लागली. धुतलेला माल पुन्हा धुवायचा. एक झोका, दोन, तीन. काळ्याची शेवटची रेघ दिसेनाशी होईपर्यंत. पाणी अंगणातून सिमेंटच्या नालीत वाहत जाई.

"आई, भात निवतोय," सून फुई-लिन दारातून म्हणे.

"निवू दे."

"उद्या धुवा ना."

"उद्या माझे डोळे आणखी एका दिवसाने म्हातारे होतील."

फुई-लिन घरी शिलाईचे काम करी. नवरा सिंगापूरला बंदरावर. सासू-सुनेत भांडण नव्हते, पण चिठ्ठीची गोष्ट वस्तीभर झाल्यापासून दोघी एकमेकींशी जपून बोलत. न्युक-यिनला वाटे, हिला हवाच असेल परवाना. फुई-लिनला वाटे, यांना तसे वाटते आहे.

पुढच्या शनिवारी माल कमी भरला. तौके म्हणाला, "पंधरा." त्याच्या पुढच्या शनिवारी आणखी कमी. "पंधरा." न्युक-यिनला वाटले, नदी आटत चालली. वरच्या अंगाला मोठी खाण सुरू झाल्यापासून गाळच बदललाय. स्वतःच्या मनगटाला तिने आणखी जोर लावला.

तिसऱ्या शनिवारी तिने नेलेल्या मालात काळा कणही नव्हता. गडद तपकिरी, दाणा न् दाणा एकसारखा. तिने स्वतः उन्हात पांढऱ्या कापडावर पसरून पाहिला होता. तौकेने पिशवीत हात घातला. त्या क्षणी दारात कुणीतरी सायकल पाडली आणि तो तिकडे बघून ओरडला. ओरडता ओरडताच चिमूट परत टाकली. "पंधरा," तो म्हणाला आणि वहीत लिहिले. मालाकडे त्याने पाहिलेच नव्हते.

न्युक-यिनने पैसे घेतले. पाणी प्यायला म्हणून ती दुकानाच्या मागे हौदावर गेली. तिथे लॉरी उभी होती. हमाल सिन्नप्पन गोण्यांची तोंडे शिवत होता. लहान गोण्या, पण उचलताना त्याच्या मानेच्या शिरा फुगत होत्या. एका गोणीच्या उसवलेल्या कोपऱ्यातून काळी वाळू गळून जमिनीवर बोटभर ढीग झाला होता.

"हा कचरा कुठे टाकता?" तिने बाजारातल्या मोडक्या मलाय भाषेत विचारले.

"कचरा?" सिन्नप्पन दाभण दातात धरून हसला. "मावशी, हा पिनांगला जातो. तिथून जहाजाने. एक गोणी कमी भरली तर तौके माझ्या पगारातून कापतो. यंदा भाव दुप्पट झालाय याचा. काय करतात कोण जाणे. गोऱ्यांना लागतो म्हणे."

"यंदा? कधीपासून?"

"चिनी नवं वर्ष झालं ना, तेव्हापासून. त्या ढिगाला हात लावू नको हं. संध्याकाळी तोही झाडून भरायचाय."

ती सायकल हातात धरून चालत घरी आली. पाच लिहायचा, मग पंधरा लिहू लागला, आणि कापलेले फुकटचे काळे विकतो. भाव वाढला काळ्याचा आणि मळका झाला माझा हात. रस्त्यात ओळखीच्या दोन बायकांनी हाक मारली ती तिला ऐकू आली नाही.

घरी फुई-लिन अंगणात उकिडवी बसली होती. समोर नारळाची करवंटी, हात कोपरापर्यंत चिखलाचे.

"डास फार झाले म्हणून नाली उपसली," ती म्हणाली. मग थोडे थांबून, "आई, तुम्ही रागावू नका. हे बघा."

करवंटीच्या तळाशी तपकिरी पीठ होते. न्युक-यिनने ते दोन बोटांत चोळले आणि तिला कळले, पण तिने कळू दिले नाही. "अमांग आहे."

"नाही. हे फिरवून पाहिलं मी." फुई-लिनने परकरात खोचलेले लोहचुंबक काढले. न्युक-यिनच्या दिवंगत नवऱ्याने सिनेमावाल्याच्या फुटक्या भोंग्यातून काढलेले ते कडे, शिवणाच्या डब्यात टाचण्या गोळा करायला असे. "काळं सुकवलं की याला चिकटतं. हे हलतसुद्धा नाही. नालीत पार कोपऱ्यापर्यंत आहे."

न्युक-यिन टिपाडाच्या काठावर बसली. तीन आठवडे. काळ्याची शेवटची रेघ घालवायच्या नादात बारीक कथील काठावरून गेले होते. कुठलीही दुलांगवाली पोरीला पहिल्या दिवशी हेच सांगते, थोडे काळे राहू दे, ते काढायला जाशील तर कथील गमावशील. तिने स्वतः कितीजणींना सांगितले होते.

"त्याने जेवढं कापलं," फुई-लिन हळू म्हणाली, "त्याच्याहून जास्त असेल यात."

"बोलू नकोस."

"बरं."

"तो बघतसुद्धा नाही, फुई-लिन. न बघता बोलला मळका, आणि मी तीन आठवडे माझ्या हाताने माझं कथील गटारात ओतत होते. त्याला शिवी द्यायला हवी तेव्हा मी धूत बसले." तिने उठून टिपाडाला लाथ मारली. ते पडले नाही, भरलेले होते. पाय मात्र ठणकला, आणि त्याचाही तिला राग आला.

फुई-लिन हसली नाही. तिने कोरडे फडके दिले आणि म्हणाली, "मला तो परवाना नकोय, आई. पाण्यात उभी राहिले की माझे पाय सुजतात. एवढंच सांगायचं होतं महिनाभर."

पुढच्या आठवड्यात न्युक-यिनने माल नेहमीच्या हाताने धुतला, एकदाच, थांबायचे तिथे थांबून. नालीतले कथीलही वेगळ्या पुडीत बांधले. शनिवारी सकाळी दोघी बरोबर गेल्या.

"पंधरा," तौके म्हणाला.

"काढून दाखवा," न्युक-यिन म्हणाली.

"काय?"

"पंधरा भाग काळं. यातून काढा, तोला, दाखवा." तिने उंबऱ्यावर वर्तमानपत्र पसरले, कोरड्या मालाचा पातळ थर केला, चुंबक कागदात गुंडाळले आणि मालावरून फिरवू लागली. काळे कण उडून कागदाला बिलगत. बाजूच्या कागदावर नेऊन चुंबक आतून ओढले की काळे खाली झडे. पुन्हा. पुन्हा. बायका बसल्या जागीच सरकून भोवती जमल्या. फुई-लिनने दुकानाचाच तराजू ओढला.

"तीन," ती म्हणाली. "तीनलाही थोडं कमी."

"अमांग काय सगळी चुंबकाला लागते?" तौके म्हणाला. "पिवळी असते ती लागत नाही. शाळेत गेली असतीस तर कळलं असतं."

"असते ना पिवळी. तीही काढा. मी बसलेय. तुम्हाला दिसतं ना अजून?"

मागे कुणीतरी खोकल्यासारखे हसले. तौकेने बायकांवरून नजर फिरवली, मग वाकून न्युक-यिनच्या कानाशी आला. "हे बघ. तुझे तीन. आजपासून कायमचे तीन. आणि चिठ्ठी तुझ्याच नावाची, आत्ता लिहून देतो. ते भोंग्याचं खेळणं पिशवीत टाक आणि आत चल, चहा घेऊ."

तिने त्याच्याकडे पाहिले. वर्षभर ज्या तोंडाने मळका म्हटले त्याच तोंडाने तो चहा म्हणत होता. चिठ्ठी हवी होती तिला. या क्षणीही हवी होती. जानेवारीला सात आठवडे राहिले होते आणि दुसरे काम तिला येत नव्हते.

"माझा हात मळका आहे की नाही?" तिने विचारले. हळू नाही, सगळ्यांना ऐकू जाईल असे.

"तीन म्हटलं ना."

"ते आजचं. वर्षभराचं विचारतेय."

तौकेने वही मिटली.

न्युक-यिनने कागदातले काळे पुडीत बांधून कमरेला खोचले आणि चुंबक लियू-सोच्या हातात दिले. "घे. कागद गुंडाळायला विसरू नको, नाहीतर झडत नाही."

लियू-सोने चुंबक उलटसुलट केले. "मला बारा लिहितो हा मेला," ती म्हणाली. "आणि मी तुला चष्मा सांगत होते." तिने आपली पिशवी वर्तमानपत्रावर ओतली.

"दुकान बंद," तौके म्हणाला. "उठा सगळ्या. आज खरेदी नाही." त्याने भिंतीला टेकवलेली पहिली फळी उचलली. दुकानाची फळ्यांची दारे उंबऱ्यातल्या खाचेत बसत, आणि खाचेवर बायका बसल्या होत्या. "लॉरी यायचीय माझी. उठा."

कुणी उठले नाही. फळी जड होती. तो ती दोन्ही हातांत धरून उभा राहिला.

"चार," फुई-लिन लियू-सोचे काळे तोलून म्हणाली.

"काळं मला दे," लियू-सो म्हणाली. "माझं आहे ते."

न्युक-यिन खाचेवर जरा सरकली आणि पुढच्या बाईला बसायला जागा केली.