शिंपीणबाईंची एकतीस बाळंतपणं

काम तसं सोपं होतं. बाळंतपणाच्या रजिस्टरातून निवडलेल्या, यादीतल्या दहा बाळंतिणींच्या घरी जायचं आणि तिथे लिहिलंय ते खरं आहे का, एवढं पाहून यायचं. सासूबाई आठवडाभर नणंदेकडे गेल्या होत्या, म्हणून ठकीला, माझ्या आठ महिन्यांच्या लेकीला, पोटाशी बांधून मी निघाले. ठकी बरोबर असली की लोक मला खुर्ची देतात. एकटी असले की फॉर्म पाहून दार लोटतात.

कालव्याच्या अलीकडच्या वस्तीत दोन वर्षांपूर्वी बाळंतपणाची खोली सुरू झाली होती. औषधं, रक्त, गाडी, सगळा भार योजनेवर. घरच्यांनी खिशात हात घालायचा नाही. पलीकडच्या वस्तीला मात्र योजना मुद्दाम दिली नव्हती. दोन्हीकडची तुलना केली की योजनेचा उपयोग किती ते कळेल, असं पाहणी करणाऱ्या आमच्या सरांचं गणित. आणि तुलना केली तर काय, दोन्हीकडे घरी होणारी बाळंतपणं जवळजवळ थांबलेली!

"दोन्हीकडे सारखंच सुधारलं," सर चष्मा पुसत म्हणाले. "म्हणजे योजनेचा परिणाम शून्य."

शुक्रवारी अहवाल जायचा होता. तो असाच गेला की खोलीला कुलूप.

खोली सांभाळणाऱ्या नर्सबाईंना हे सांगायची पाळी माझ्यावरच आली. त्या चादरींच्या घड्या घालत होत्या.

"शून्य?" त्या म्हणाल्या. "आणि परवा जुळी झाली, ती कुठल्या शून्यात बसवलीत?"

मी यादी उघडली. दहापैकी चार नावांपुढे एकच पत्ता होता. मोठं कुटुंब असेल, जावाजावा असतील, असं म्हणून मी तिकडेच आधी गेले.

दार उघडलं ते एका साठीच्या बाईंनी. गळ्यात मोजपट्टी, ओठांत टाचणी. मागे एकच खोली, शिलाई मशीन आणि चिंध्यांचा ढीग.

"इथे चार बाळंतिणी राहतात ना?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ठकीकडे पाहिलं, टाचणी काढून पदराला टोचली आणि अशा हसल्या की मशीनला धरावं लागलं.

"चार? अगं बाई, एकतीस! या वयात एवढं कुणाला झेपलंय, सांग बरं!"

मग ठकीला चिंध्यांच्या ढिगात बसवून शिंपीणबाईंनी सगळं सांगितलं. पहिली पोर पलीकडून पूल ओलांडून कळा देत आली, तेव्हा तिला परत पाठवणं नर्सबाईंना जमलं नाही. योजना फक्त अलीकडच्यांची, मग पत्त्याच्या रकान्यात लिहायचं काय? त्यांनी आपल्या मैत्रिणीचा, म्हणजे शिंपीणबाईंचाच, पत्ता लिहिला. आठवड्याने दुसरी आली. मग रीघच लागली.

"अहो, पण दरवेळी तोच पत्ता?"

"खोटं एकच बरं असतं गं. लक्षात राहतं."

आणि आम्ही? पलीकडच्या बायकांना आम्ही "बाळंतपण कुठे झालं?" असं विचारत होतो. त्या "दवाखान्यात" म्हणत होत्या आणि ते अगदी खरं होतं. कुठल्या दवाखान्यात, हे विचारायचं आमच्या फॉर्मला सुचलंच नव्हतं.

"याचा काही पुरावा?" मी विचारलं.

शिंपीणबाईंनी मापांची वही काढली. खोलीत जन्मलेल्या प्रत्येक बाळाला त्या झबलं शिवून देत. वहीत बाळाची छाती, उंची, आईचं नाव आणि झबलं पोचवायचं ठिकाण: पलीकडे, नळाजवळ. पलीकडे, निळं दार. पलीकडे, पिठाच्या गिरणीमागे. एकतीस झबली.

आनंदाने मी ठकीचे इतके मुके घेतले की ती रडायला लागली. पण नर्सबाईंपुढे वही ठेवली ती मिटूनच.

"हे दाखवलं तर खोटे पत्ते उघडे पडतील. नोकरी जाईल तुमची."

नर्सबाईंनी ठकीच्या केसांत अडकलेला लाल दोरा सोडवला. बराच वेळ लावला त्यांनी त्या एका दोऱ्याला.

"माझी गेली तर दुसरी नर्स येईल," त्या म्हणाल्या. "खोली गेली तर कोण येणार? ने वही."

सरांनी वही दोनदा वाचली. मग फक्त एवढंच विचारलं, "या बाईंची तब्येत बरी आहे ना?" आणि स्वतःच खो खो हसत सुटले. अहवाल त्यांनी दहा दिवस पुढे ढकलला. आम्ही लांबच्या तिसऱ्या वस्तीत गेलो, जिथून खोलीपर्यंत कुणी चालत येऊच शकत नव्हतं. तिथे बाळंतपणं पूर्वीसारखी घरीच होत होती. सरांचं शून्य आता शून्य राहिलं नाही. पलीकडच्या वस्तीतला सगळा बदलही याच खोलीमुळे झाला होता.

वरून आलेला निर्णय सांगायला सर स्वतः आले. खोलीचं दार बंद होतं.

"नर्सबाई, एक महत्त्वाचं सांगायचं होतं!"

"थांबा!" आतून आवाज आला. "आधी हे होऊ दे! तू थांबू नकोस गं, तू जोर लाव!"

सर थांबले. पाऊण तास. मी ठकीला त्यांच्या मांडीवर दिलं, तर तिने त्यांचा चष्मा चाटून स्वच्छ केला आणि मग शर्टवर दुधाची गुळणी टाकली. ते दाराकडे कान लावून बसले होते. आतून बारीक ट्यांहां ऐकू आलं, तसे ठकीला घेऊनच उठून उभे राहिले.

नर्सबाई हात पुसत बाहेर आल्या. "मुलगी. हां, बोला आता. राहतेय ना खोली?"

"राहतेय," सर म्हणाले. "तुम्हीही राहताय. पत्त्यांबद्दल ताकीद मिळेल, ती लेखी. आणि पुढच्या महिन्यापासून पलीकडची वस्तीही योजनेत."

नर्सबाईंनी एकदा डोळे टिपले, ओल्याच हातांनी. मग ठकीला त्यांच्याकडून घेत म्हणाल्या, "मग अजून सहा चादरी पाठवा, साहेब. आणि तो शर्ट काढा, इथेच धुऊन देते."