वरच्या मजल्यावरचे विरजण

सुज्ञ वाचकहो, उष्णता एका घरातून दुसऱ्या घरात कशी प्रवेश करते आणि तिच्यापायी माझ्या अंतःकरणाचा दाह कसा झाला, हे मी येथे यथामती निवेदन करणार आहे.

जर्मनीतील नेकारसुल्म येथे आम्ही तळमजल्यावर राहतो. मी एका उपाहारगृहात स्वयंपाकी आहे. हिवाळ्यात आमच्या घरी दही लागत नसे. म्हणून माझी पत्नी लता विरजणाचे पातेले वरच्या मजल्यावरील शिरीष या अविवाहित इंजिनियरकडे ठेवू लागली.

"शिरीषभाऊजींचं घर किती उबदार! नाहीतर आपलं," असे ती रोज म्हणे. ते दही माझ्या घशाखाली उतरेना.

अखेरीस मी वर जाऊन विचारले, "आपण हीटर केवढ्यावर ठेवता?"

"हीटर? बंदच असतो, विलासदादा," शिरीष हसला. "तुमची ऊब छतातून वर येते नि माझी फरशी तापते. पातेलं मी फरशीवरच ठेवतो. आल्झो, म्हणजे दही तुमच्याच उष्णतेवर लागतं!"

म्हणजे उष्णता माझी आणि कौतुक त्याचे! त्याच सायंकाळी मी पातेले आमच्याच कपाटावर, अगदी छताजवळ ठेवले. सकाळी दही घट्ट लागले होते.

लताने चाखून पाहिले. "झकास लागलंय हो!" असे म्हणत तिने पहिली वाटी भरली आणि ती दाराकडे निघाली. "भाऊजींना देऊन येते. इतके दिवस सांभाळलं त्यांनी."

ती परत येईपर्यंत मी जिन्याकडे कान लावून बसलो होतो.

आपण हे वाचलेत, याबद्दल मनःपूर्वक आभार. आपला नम्र, विलास धुमाळ.