लाल रंगाखालची पिन

“तू मेलायस की नुसता पडलायस?”

वर्गातल्या मोनाने पैज लावली म्हणून किमयाने माझ्या बॉनेटवर थाप मारून हे विचारलं. मैत्रिणी फाटकाशी खिदळत होत्या.

मित्रांनो, मी नुसता दमलोय. मी एक जुना चेनवाला ट्रॅक्टर आहे. टायरऐवजी मला दोन्ही बाजूंना लोखंडी कड्यांच्या चेन आहेत. तिरला गावाकडची किती शेतं मी सपाट केली! “मल्हाररावांचा हत्ती आला,” लोक म्हणायचे. मल्हारराव म्हणजे किमयाचे आजोबा. दर खंडेनवमीला ते मला हळदकुंकू लावत आणि चेनसकट लाल ऑइलपेंट फासत. ते गेल्यावर किमयाच्या बाबांनी पूजा चालू ठेवली, रंगही. ग्रीस मात्र कुणाला आठवलं नाही.

यंदा डाव्या चेनची एक कडी तडकली आणि मी देवासच्या घराच्या अंगणात बसलो तो बसलोच. कडी बदलायला चेन उघडावी लागते, म्हणजे पिन काढावी लागते. बाबा आणि शेजारचे धीरज भिया दोन रविवार एकाच पिनेवर घण घालत होते.

“भाईसाब, ये तो जाम है,” धीरज भिया म्हणाले.

“उद्या भंगारवाला येतोय,” बाबांनी घाम पुसला. “आज निघाली तर निघाली. नाहीतर देऊन टाकू.”

अहो, चुकीची पिन ठोकताय! पण मला कुठली वाचा? बाकीच्या पिना यंत्राने दाबून बसवलेल्या. घरच्या घणाने निघते ती एकच, तिच्या तोंडावर खळगा असतो. पण पंधरा खंडेनवम्यांच्या रंगाने तो बुजलेला.

किमयाने माझ्या हत्यारांच्या पेटीतलं जुनं माहितीपुस्तक उघडलं आणि त्यातल्या चित्रावर बोट ठेवलं. “बाबा, रुको ना! हे बघा, एका पिनेला खड्डा आहे.”

“अगं, सगळ्या सारख्याच आहेत!”

“तुम्ही रंगवल्यात म्हणून!”

ती खरडायला बसली. एक, दोन, अकरा. बाराव्या पिनेचा रंग पापुद्र्यासारखा सुटला, आणि खाली खळगा. धीरज भियांनी ब्लोलॅम्पच्या ज्योतीने कडी तापवली, बाबांनी घण घातला. चौथ्या घावाला पिन सरकली. माझं सगळं अंग सैल पडलं. किती वर्षांनी!

मित्रांनो, आमची पूजा जरूर करा, पण वर्षातून एकदा आम्हाला खरडूनही बघा.

आई हातात कुंकवाचा करंडा घेऊन बाहेर आली, तशी किमया काळ्या हातांनी उभी राहिली.

“आई, बाबा, ऐका. भंगारवाल्याला मी फोन करून ‘येऊ नका’ म्हणून सांगतेय. आणि यंदा खंडेनवमीला रंगाचा डबा आणायचा नाही, ग्रीसचा आणायचा. पूजा मी करणार.”