पाटीवरच्या शब्दाचे माहेर

मी एक जुना शब्द आहे. माझे नाव हॉस्पिटल. एका मोठ्या दारावर दिव्याच्या अक्षरांत मी राहतो. माझ्यातला 'टल' कित्येक वर्षे पेटत नाही. कोणाचे काही अडत नाही.

मित्रांनो, माझे घराणे मोठे आहे. आई जुनी फ्रेंच, आजी लॅटिन. आजीकडे माझा अर्थ होता पाहुण्यांचे घर. इंग्रजीत आलो आणि हळूहळू फक्त आजाऱ्यांचा झालो. लोक मला हात जोडू लागले. मग पास आले, वेळा आल्या, आणि आजीकडचा अर्थ सगळेच विसरले.

तो आठवणीत होता एका निवृत्त भाषाशिक्षकांच्या. त्यांची खाट माझ्याच मागच्या खिडकीशी होती. संध्याकाळी त्यांची मुलगी यायची. तिच्या लहानपणापासून दोघांचा एक खेळ होता: इंग्रजी शब्द घ्यायचा आणि त्याचे माहेर शोधायचे. नियम एकच. सगळ्यांत जुनी पणजी त्याच दिवशी सांगायची नाही.

त्या दिवशी त्यांनी मला घेतले. आई झाली, आजी झाली.

"म्हणजे बाबा, तुम्ही इथले पाहुणे!"

"तर काय! जेवण बघ. जावयालाही इतकं अळणी वाढलं नसतं मी."

"आणि पणजी?"

"पणजी उद्या."

तेवढ्यात वॉचमन आला. "चला ताई, वेळ संपली."

"त्यांना धाप लागतेय हो. आज थांबू द्या ना."

"इथे सगळ्यांनाच धाप लागते, ताई."

"जा गं," शिक्षक म्हणाले. "उद्या यायचंय ना पणजीसाठी?"

ती गेली.

सकाळी धाप वाढली. फोन गेला, ती धावत आली. वॉचमनने दाराशी अडवले. "हा पास संध्याकाळचा आहे." ती दुसऱ्या पासच्या रांगेत उभी असताना वडील गेले. मी डोक्यावर होतो. मला हात नाहीत.

पणजी तिने पुढे स्वतःच शोधली. तिचा लिखित पुरावा कुठेच नाही. लेकी-नातींच्या तोंडवळ्यावरून अभ्यासकांनी ती जुळवली आहे. तिचा अर्थ परका. तिच्या एका लॅटिन लेकीने परक्याला पाहुणा म्हटले. ती माझी आजी. दुसरी त्याला शत्रू म्हणू लागली.

मित्रांनो, माझा 'टल' दुरुस्त नाही केलात तरी चालेल. पण माझ्याखाली कोणी धावत आले तर आधी आत सोडा, पास मागाहून बघा. ते जमत नसेल तर मला उतरवा आणि आजीच्या त्या बहिणीचे नाव इथे लावा. निदान येणाऱ्याला कळेल, आपण कोणाच्या दारात उभे आहोत.